दहावीनंतर थेट गोडाऊन? शहापूरच्या भाच्याला आणि भाचीला काय सांगायचं

ताई, तुमचं पत्र मिळालं. तुमचा भाऊ शहापूर तालुक्यात किन्हवलीकडे, तुम्ही कळव्याला. भाचा दहावीची परीक्षा देऊन बसलाय आणि म्हणतोय अकरावी-बिकरावी काही नको, गावातली पोरं पडघ्याला गोडाऊनला जातात तसा मीपण जातो, महिन्याला हातात पैसे येतात, शिकून तरी कोण कुठे लागलंय. भाची बारावीला, तिला नर्सिंग करायचंय, आणि घरात चर्चा अशी चालू आहे की जे काय पैसे आहेत ते तिच्या नर्सिंगला घालायचे की लग्नाला ठेवायचे. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की आजकालच्या या पोरांना पुढचं काही स्वप्नच राहिलं नाही का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तिथेच घरातली मोठी माणसं चुकतात असं माझं मत आहे. मी ठाणे जिल्ह्यात आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, बरीच वर्षं झाली, आणि निकालाच्या आधी शहापूर, मुरबाड, भिवंडी ग्रामीणच्या शाळांमध्ये दहावीच्या पोरांशी बोलायला जातो. वर्गात "काय व्हायचंय" विचारलं की उत्तरं ठरलेली, पोलीस, आर्मी, इंजिनियर, मुलींमध्ये नर्स नाहीतर शिक्षिका, आणि हल्ली एखादा तरी म्हणतोच "एअरपोर्टला". त्याच पोराला बाहेर गेटजवळ गाठून "बरं, मग जूनमध्ये काय करणार" विचारलं की तो दुसरंच सांगतो, गोडाऊन, टेम्पोवर क्लीनर, मामाच्या हॉटेलात. म्हणजे स्वप्न आहे, आणि घरच्या परिस्थितीचा हिशोबपण त्याने केलेला आहे, फक्त या दोन्हींच्या मधलं काहीच त्याला कोणी दाखवलेलं नाही. पोलीस व्हायचंय तर मधली चार वर्षं काय करायचं, गोडाऊनला गेलो तर तीन वर्षांनी मी तिथे कोण असेन, हे त्याने कधी कोणाला विचारलेलं नसतं आणि सांगणारंही घरात कोणी नसतं. भाचा आळशी आहे किंवा त्याला महत्त्वाकांक्षा नाही असं मनात धरून त्याच्याशी बोलायला गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत तो मोबाइल काढेल.

त्याला जे दिसतंय ते खोटं नाही हेही आधी मान्य करा. त्याच्या आजोबांच्या पिढीत "कंपनीत लागला" म्हणजे वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर रोड, अंबरनाथ, कायमची नोकरी, कँटीन, युनियन, ईएसआय म्हणजे कामगार विमा, फंड, आणि त्यावर पोरींची लग्नं व्हायची. त्या कंपन्या एकेक करत बंद झाल्या नाहीतर बाहेर गेल्या, वागळेत आयटीची ऑफिसं आणि टॉवर उभे राहिले, महापे-ऐरोली-रबाळेच्या पट्ट्यात केमिकलच्या जागी आयटी पार्क आणि आता डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटचा डेटा साठवणाऱ्या कॉम्प्युटरांच्या इमारती, आलेत. जिथे शेकड्याने माणसं कामाला जायची तिथे तेवढ्याच जागेत आता थोडी माणसं आणि भरपूर मशीन. आणि जे काम वाढलं ते भिवंडीच्या बाजूला. भिवंडीच्या खेड्यांमध्ये गोडाऊन का आली माहितीये ना, मुंबईची जकात वाचवायला. माल हद्दीच्या बाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, तेव्हा आमच्याकडे पुष्कळ जण म्हणाले की आता गोडाऊनचा धंदा बसणार, झालं उलटं, कारण कंपन्यांना प्रत्येक राज्यात वेगळं गोडाऊन ठेवायची गरज उरली नाही आणि एकाच जागी मोठ्ठाली शेड घेणं परवडायला लागलं, त्यात ऑनलाइन खरेदी वाढली. मानकोली, वडपे, पडघा असं करत हा पट्टा तुमच्या भावाच्या दिशेने सरकतोय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला, आणि आमणे म्हणजे भिवंडी तालुकाच, पडघ्याच्या शेजारी. तेव्हा भाच्याला रोज सकाळी फाट्यावर गोडाऊनच्या बसची वाट बघणारी, गळ्यात आयकार्ड अडकवलेली पोरं दिसतात. बीए करून घरी बसलेला चुलतभाऊपण दिसतो. यातून त्याने काढलेला निष्कर्ष त्याच्या जागी बरोबरच आहे.

आता गोडाऊनच्या आत काय असतं ते सांगतो, माझे कितीतरी जुने विद्यार्थी तिथे आहेत म्हणून माहिती आहे. पोरगा कंपनीच्या पगारावर नसतो, तो वेंडरच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या, पगारावर असतो. हातात स्कॅनर, तासाला अमुक इतके पीस उचलायचे असं टार्गेट, ते स्क्रीनवर दिसतं, कमी पडलं की टीएल म्हणजे टीम लीडर येऊन उभा राहतो. दिवाळीच्या सेलच्या आधी भरती जोरात, ओव्हरटाइम जोरात, आणि दिवाळी संपली की "ब्रेक" देतात, म्हणजे घरी बसा, फोन करू. पगाराचा आकडा जो गावात सांगितला जातो तो ग्रॉस असतो. समजा १८ हजार सांगितले आणि त्यात बेसिक १५ हजार धरलं, तर १२ टक्क्यांनी पीएफचे १,८०० गेले, ईएसआयसीचे पाऊण टक्क्याने १३५, प्रोफेशन टॅक्स २००, हातात आले १५,८६५, त्यातून बसचे कापत असतील तर तेही, जेवण, मोबाइलचा हप्ता. पीएफ कापला म्हणून वाईट वाटायचं कारण नाही, तो त्याचाच पैसा आहे आणि तेवढाच मालकाच्या बाजूनेपण पडायला पाहिजे, पण स्लिपवर कापलेला दिसतो आणि यूएएनच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या, पासबुकात जमाच झालेला नाही अशी उदाहरणं मी पाहिलीत. नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच सांगतो की पहिल्या पगारानंतर महिनाभराने पासबुक उघडून बघ.

पण ताई, तुमच्या भाच्याच्या बाबतीत खरा मुद्दा याच्याही आधीचा आहे आणि तो घरात कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. दहावी झालेला पोरगा १५-१६ वर्षांचा असतो. ज्या गोडाऊनला आयकार्ड, पीएफ, बस वगैरे आहे ते आधार कार्ड बघतात आणि १८ पूर्ण नसेल तर गेटवरच परत पाठवतात. मग तो जाणार कुठे, तर जिथे आधार कोणी बघत नाही तिथे, मुकादमाच्या हाताखाली गाडी खाली करायला, रोजावर, रोख पैसे, पाठीत उसण भरली तर घरी जा. म्हणजे फाट्यावर जी पोरं बघून तो हे ठरवतोय तसं काम त्याला अजून दोन वर्षं मिळणारच नाहीये. आणि आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन, एसी-फ्रिजचा ट्रेड किती वर्षांचा, तर दोनच वर्षांचा. ही दोन वर्षं बाजारात तशीही त्याला भाव नाही, मग ती कुठे घालवायची एवढाच प्रश्न आहे. असं मांडलं की पोरं ऐकतात, कारण त्यात उपदेश नसतो, वयाचा साधा हिशोब असतो. अठरा झाल्यावर गोडाऊनलाच जायचं असेल तर खुशाल जाऊ दे, पण तेव्हा तो दुसऱ्या दाराने आत जाईल. मोठ्या गोडाऊनमध्ये कन्व्हेयर आहे, ट्रकमधून माल उतरवायचा डॉक लेव्हलर आहे, डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर, फायर पॅनल, शेकडो दिवे, फोर्कलिफ्टची चार्जिंग, आणि हे सगळं चालू ठेवणारी मेंटेनन्सची टीम दिवाळी संपली म्हणून घरी पाठवत नाहीत.

डेटा सेंटरचंही तसंच. तिथे कॉम्प्युटरवाले कमी लागतात हे लोकांना माहीत नसतं, त्या इमारतीत रात्रंदिवस वीज आणि थंडावा लागतो, म्हणून इलेक्ट्रिशियन, एसी-चिलरवाला, डीजीवाला हीच तिथली मुख्य माणसं. किन्हवलीच्या पोराला ऐरोली लांब आहे हे खरं, पण आसनगावहून लोकल आहे आणि तुम्ही कळव्याला आहात, आत्याचं घर कशासाठी असतं.

ट्रेडबद्दल मी पक्षपाती आहे हे लक्षात ठेवून वाचा, पण इलेक्ट्रिशियनला पुढच्या पायऱ्या सगळ्यात जास्त आहेत. आयटीआयनंतर एक वर्ष अप्रेंटिस, त्यात स्टायपेंड मिळतो, मध्य रेल्वेच्या कुर्ला, कळवा, सानपाडा कारशेडमध्येही अप्रेंटिस घेतात आणि तिथे लेखी परीक्षा नसते, मार्कांवर मेरिट लागतं, म्हणून दहावीचे मार्क पुढेही कामाला येतात. मग महावितरणची विद्युत सहाय्यक भरती, तिथे पहिली तीन वर्षं कंत्राटी मानधनावर काढावी लागतात, नंतर टेक्निशियन. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला दहावी अधिक आयटीआय चालतं. आणि ज्याला पुढे शिकायचंय त्याला दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी निम्म्या पालकांना पहिल्यांदाच कळतं. "आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं" हा समज आपल्याकडे कुठून आला देव जाणे, बहुतेक मार्क कमी पडलेल्यांनाच तिकडे ढकलायची पद्धत पडली त्यामुळे. आता तसं राहिलेलं नाही, सरकारी आयटीआयला इलेक्ट्रिशियनची लिस्ट चांगल्या मार्कांवर बंद होते आणि ५० टक्केवाला बाहेर राहतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण आयटीआयला पोरं अडकतात ती हाताच्या कामात अडकत नाहीत. बोर्ड बांधायला दिला तर खेड्यातला पोरगा शहरातल्यापेक्षा लवकर आणि नीट बांधतो, घरी पंप, मोटार, स्टार्टर उघडून बघायची सवय असते. मग मी फळ्यावर लिहितो, गिझर २००० वॅट, व्होल्टेज २३०, करंट किती. २००० भागिले २३०. आणि वर्ग शांत. मोबाइल काढायची परवानगी नसते तेव्हा निम्म्या वर्गाचं पेन तिथेच थांबतं, उत्तर ८.७ अँपिअर यायला पाहिजे, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटवर हा गिझर लावला तर सॉकेट वितळणार, १६ चं पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्या भागाकारावर अवलंबून असते. आमच्या जिल्ह्याचीच ही गत नाही. २०२३ चा असरचा, म्हणजे पोरांना लिहिता-वाचता किती येतं ते तपासणारा, अहवाल १४ ते १८ वयाच्या ग्रामीण पोरांवरच होता, देशभरातल्या २८ जिल्ह्यांमधला, त्यात जवळजवळ ८७ टक्के पोरं शाळा-कॉलेजात नाव असलेली निघाली, आणि तरी चारातल्या एकाला स्वतःच्या भाषेतला दुसरीचा मजकूर धड वाचता येत नव्हता, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला निम्म्याहून जास्त पोरांना जमलं नाही. धंदेशिक्षण घेणारी पोरं त्यात फक्त ५.६ टक्के. म्हणून एप्रिल-मे मध्ये भाच्याला कुठल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घालू नका, सातवीचं गणित काढा, भागाकार, टक्केवारी, दशांश, रोज एक तास, बस. याचा फायदा पोलीस भरतीच्या पेपरालापण होतो.

पोलीस भरतीचा विषय निघालाच तर. सकाळी हायवेच्या सर्व्हिस रोडला पळणारी पोरं बघून मला आनंदच होतो, व्यसनापासून लांब राहतात. पण २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर. म्हणजे साधारण शंभरात एक. शिवाय बारावी पास लागते. आर्मीत अग्निवीर, तिथे चार वर्षं आणि त्यातले पंचवीस टक्केच पुढे कायम होणार. तयारी करू नको असं मी कोणाला सांगत नाही, तयारी करताना हातात दुसरं काहीतरी असू दे एवढंच सांगतो, नाहीतर २७-२८ व्या वर्षी "वय निघून गेलं सर" म्हणत येतात आणि तेव्हा माझ्याकडेही त्यांच्यासाठी फार काही नसतं. आयटीआय करत सकाळी पळता येतं.

एअरपोर्टचं थोडक्यात. नवी मुंबईचं विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला सुरू झालं, आणि त्याच्या आधीपासूनच "एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ डिप्लोमा, १०० टक्के जॉब" असे फ्लेक्स पनवेलपासून थेट शहापूरच्या एसटी स्टँडपर्यंत लागले. उलवे-पारगाव भागातल्या ज्या पोरांच्या घरादारावर ते विमानतळ उभं राहिलं त्यांचा तिथल्या नोकरीवर पहिला हक्क आहे असं मला वाटतं आणि ती मागणी चालूच आहे, पण तो वेगळा आणि मोठा विषय. तुमच्यासाठी एवढंच की लोडर किंवा ट्रॉलीच्या कामाला कुठला डिप्लोमा लागत नाही आणि ज्या कामाला खरंच ट्रेनिंग लागतं तिथे नोकरी देणारी कंपनी स्वतः ट्रेनिंग देते. जॉबची "गॅरंटी" देऊन आधी पैसे मागणारा कोणीही असो, भावाला सांगा पाकीट खिशातच ठेव.

आता भाची. इथे मी जरा परखड लिहितो, राग मानू नका. तुमच्या पत्रात भाच्याबद्दल दहा ओळी आहेत आणि तिच्याबद्दल दोन. आणि खरं बघितलं तर या घरात पुढचा रस्ता सगळ्यात स्पष्ट तिला दिसतोय. तिने कोर्स निवडलाय, त्याला मागणी आहे, ठाणे-कळवा-नवी मुंबईत हॉस्पिटलं वाढतायत, आणि ते काम मशीन आलं म्हणून जात नाही. माझा सल्ला असा की घरात जो काही पैसा आहे तो तिच्यावर लावा, कारण भाच्याचा सरकारी आयटीआय त्यामानाने जवळजवळ फुकटात होतो. लग्नासाठी ठेवलेले पैसे मंडप आणि जेवणात एका दिवसात संपतात हे तुमच्या भावालाही माहीत आहे, पण चारचौघांत तो हे बोलणार नाही, ते तुम्ही मोठी बहीण म्हणून बोला.

फक्त कोर्स नीट बघा. एएनएम म्हणजे सगळ्यात छोटा नर्सिंग कोर्स दोन वर्षं, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं आणि त्याला बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं. आर्ट्सची मुलगी असेल तरी एएनएमचा रस्ता आहे, नाउमेद करू नका. कॉलेजला मान्यता आहे का आणि कोर्स संपल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपया भरू नका. "सहा महिन्यांत नर्सिंग असिस्टंट" वाले स्टेशनजवळच्या गाळ्यात बसलेले असतात, त्यांचं सर्टिफिकेट घेऊन मुलगी हॉस्पिटलात जाते ती आया म्हणून आणि आयाच्याच पगारावर राहते. मी ओळखतो अशा मुलींना, हुशार मुली, परत शिकायला पैसे आणि धीर दोन्ही उरत नाही. फीच्या बाबतीत २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना सरकारी कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. भाचीचा नेमका कोर्स आणि कॉलेज त्या यादीत बसतं का हे कॉलेजात स्कॉलरशिप बघणाऱ्या क्लार्कला आधी विचारा, एजंटला नको. आणि अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर, वेळेत भरा, दुसऱ्या वर्षी रिन्यू करायलाही विसरतात लोक.

मुलींचं शिक्षण आमच्या भागात फीमुळे जितकं थांबतं तितकंच एसटीमुळे थांबतं. प्रॅक्टिकल साडेपाचला संपणार आणि गावाकडची शेवटची गाडी त्याआधीच सुटलेली. पास फुकट आहे पण गाडीच नाही तर पास काय उपयोगाचा. किन्हवली-डोळखांबच्या मुलींनी याच एका कारणासाठी सायन्स सोडून आर्ट्स घेतल्याचं मी पाहिलंय, आणि कागदावर ते "आवड" म्हणून लिहिलं जातं. म्हणून भाचीच्या कॉलेजबरोबरच हॉस्टेलचा प्रश्न आधी सोडवा, नाहीतर तुमच्याकडे कळव्याला राहून जवळपासचं कॉलेज मिळतं का बघा. आयटीआयलाही मुलींना ३० टक्के जागा राखीव असतात आणि इलेक्ट्रिशियनला माझ्याकडे मुली येतात, पण त्या जास्त करून स्टेशनजवळच्या गावातल्या, आत डोंगराकडच्या नाही. आमच्या भातसा-तानसा-वैतरणेचं पाणी मुंबईत पोचतं पण डोळखांबची मुलगी शहापूरहून संध्याकाळी घरी पोचत नाही. असो, विषय भरकटला.

कागदपत्रं. हे कंटाळवाणं आहे पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पोरं इथे गळतात, नापास होऊन नाही. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेयर, आणि व्यावसायिक कोर्सला जात पडताळणी. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नाहीतर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, आणि ते शोधायला झेडपीच्या शाळेत आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूमला चकरा असतात. निकाल लागल्यावर सेतूत जी गर्दी होते त्यात सर्व्हर बंद, साहेब मीटिंगला, आणि तोवर पहिली फेरी निघून जाते. आत्ता एप्रिलमध्ये जा, सेतू मोकळं असतं. आमच्याकडच्या कातकरी पोरांचं तर याहून अवघड, आई-बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर, पोरगं बरोबर, शाळेचं वर्ष तुटलेलं, आणि त्यांना पुरावा मागतात १९५० च्या आधीचा, ज्यांच्या आज्याने शाळेचं तोंड बघितलेलं नाही त्यांच्याकडून. गावात असं एखादं पोरगं दहावीपर्यंत पोचलेलं असेल तर भावाला सांगा, त्याचे कागदही आपल्याबरोबरच करून घे, शहापूरला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे, तिथे दाखल्यांसाठी आणि वसतिगृहासाठी मदत मागता येते.

भाच्याशी बोलायचं कसं हेही विचारलंत. त्याला कळव्याला बोलवा आणि लेक्चर देऊ नका. त्याला म्हणा, फाट्यावरच्या ज्या पोरांचं बघून तू जायचं म्हणतोस त्यातला जो तीन वर्षं जुना आहे त्याला तीन गोष्टी विचारून ये, लागला तेव्हा पगार किती होता, आता किती आहे, आणि मागच्या दिवाळीनंतर किती दिवस घरी होता. उत्तरं त्याची त्याला आणू दे. बहुतेक पोरांना त्यानंतर मला काही सांगावं लागत नाही. एखादा येऊन म्हणतो सर, तो आता टीएल झालाय, एक्सेल शिकला, पगार चांगला वाढलाय, तर तेही खरं असतं, तशीपण पोरं आहेत, मग त्याला म्हणा की तो टीएल कसा झाला तेच नीट विचारून घे.

आणि त्याला स्वतःचे पैसे पाहिजेत ही भूक खरी आहे, ती नाकारू नका, सोळा वर्षांच्या पोराला बापाकडे रिचार्जला पैसे मागायला लाज वाटते. मे महिन्यात गावातल्या ओळखीच्या वायरमनबरोबर पाठवा, पाइप कापणं, वायरसाठी भिंतीत झिरी मारणं, सामान धरणं, चालू लाइनला हात लावायचा नाही या अटीवर. चार पैसे मिळतील आणि हे काम आवडतं की नाही तेही कळेल. नाहीच आवडलं तर मग फिटर, डिझेल मेकॅनिक, वेल्डर आहेत, वेल्डर तर एकाच वर्षाचा. आणि घरची अडचण खरंच एवढी असेल की काम केल्याशिवाय भागत नाही, तर अठरानंतर नोकरी करत मुक्त विद्यापीठातून पदवीपण करता येते, रस्ता कायमचा बंद होत नाही, फक्त लांब होतो आणि मधेच सोडणारे जास्त असतात.

एक राहिलं. मुख्यमंत्र्यांची युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, बारावीला ६, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीला १० हजार महिना, तीत खूप पोरं ग्रामपंचायतीत, शाळेत लागली आणि त्यांना वाटलं आता कायम होणार. ती नोकरी नाही, ठरावीक महिन्यांचं प्रशिक्षण आहे. भाची-भाच्याला पुढे कधी तशी संधी आली तर घ्यावी, सर्टिफिकेट मिळतं, पण त्याच्या भरवशावर कोर्स सोडू नये.

आता तुम्ही मला एवढं कळवा, भाच्याला नववीत गणित-विज्ञानात किती मार्क होते, भाचीकडे बारावीला बायोलॉजी आहे का, आणि भावाकडे जातीचा दाखला कोणाच्या नावाचा आहे. त्यावरून शहापूर, मुरबाड, अंबरनाथ यातली कुठली आयटीआय कितव्या पसंतीला टाकायची ते सांगतो. ऑप्शन फॉर्म सायबर कॅफेवाल्याला भरायला देऊ नका, तो सगळ्यांना एकच क्रम टाकतो.